देवीने दोनदा दिलेली खूण

ओल्या तगरीचा वास आला की मी अजून त्या देवळातच बसलेली असते. मला पुण्याला नर्सिंगला पाठवायचं की नाही, हे विचारायला काकांनी ग्रामदेवीला कौल लावला होता. गुरवाने भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. दारात पुरुष दाटीने उभे, आत समईचा धूर, आणि कौल मिळेपर्यंत मला उठायची सोय नव्हती. आदल्याच दिवशी मालवणच्या चर्चमध्ये बायबल शिकवणाऱ्या आमच्या शेजारणीने मला एक ग्रीक शब्द सांगितला होता, सेमेयॉन. त्याचा अर्थ खूण, ओळखीची निशाणी, आणि चमत्कारही. “आणि गंमत बघ,” ती म्हणाली होती, “बायबलात येशूने चमत्काराने पुरवलेली भाकरी पोटभर खाल्लेली माणसंच दुसऱ्या दिवशी येशूकडे पुन्हा खूण मागतात.” गुरवाने गाऱ्हाणं घालून देवीकडे कौल मागितला, सगळे “होय म्हाराजा” म्हणाले, आणि उजवी पाकळी टपकन पडली. “वाऱ्यान पडली ती,” काका म्हणाले, “परत लाय.” वाऱ्याचा पत्ता नव्हता, माझी ओढणी घामाने मानेला चिकटली होती. पुन्हा उजवीच पडली. “पाणी जास्त झाला. परत लाय.” तिसऱ्यांदा डावी पडली, तेव्हा काकांनी हात जोडले. “बघलंस गो? देवीन सांगल्यान.” मला गावातच दिली. परवा मुलीने विचारलं, “आये, देवी खरांच बोलता?” मी म्हटलं, “बोलता तर. माका दोनदा ‘जा’ म्हणाली.”