वाळ्याचे पडदे
कोळशाचा धूर नाकात गेला की आधी आक्का आठवतात, तंजावूरच्या त्या हॉटेलात चादरी-पडदे सांभाळणाऱ्या, आपलीच पण जुन्या वळणाची मराठी बोलणाऱ्या. परदेशी पाहुणे यायला लागले तसं मॅनेजरनं पत्र्याच्या व्हरांड्यात कोळशाची शेगडी मांडली आणि शाळा अर्धी टाकून सोलापूरहून आलेल्या मला तिच्यावर कोंबडी भाजायला उभं केलं. देवळाकडे जाणाऱ्यांना मांस दिसू नये म्हणून त्यानं वाळ्याचे पडदे जमिनीपर्यंत सोडायला लावले. मग धूर जाणार कुठून? पाहुणे डोळे पुसत उठायचे, आणि हा मालकांना सांगायचा, पोरगा ओला कोळसा घालतो. मला म्हणायचा, "डेय मराठी, गावचं तिकीट काढून ठेव." गावी माझ्याच पगारावर चूल पेटत होती, मला झोप लागेना. आक्का म्हणाल्या, "भिऊं नको रे. उद्यां मालक जेवावयास येतात ना? त्यांस शेगडीपाशीच बसवूं." दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी तिथंच पान मांडलं. मी चरबीचा चांगला मोठा तुकडा निखाऱ्यावर टाकला. मालक खोकून लालबुंद झाले, तसा मॅनेजरच ओरडला, "पडदे वर घे." पडदे वर गेले, वारा आला, धूर निघून गेला. मालकांनी डोळे पुसत त्याला विचारलं, "कोळसा इतक्यात सुकला?" त्याचं पडलेलं तोंड आठवलं की आजही मला पोट भरल्यासारखं वाटतं. तिकिटाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. आता माझी स्वतःची भट्टी आहे, चारी बाजूंनी उघडी. आक्कांना एकदा इथं आणून, वाऱ्याच्या बाजूला बसवून, माझ्या हातानं वाढणार आहे.