न फुटणारे ग्लास

वरोऱ्याच्या हमीदाबी चाळीस वर्षं बायकांना बांगड्या भरत आल्या होत्या. २००७ साली अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात लुळा पडला. नागपूरच्या एका दवाखान्यात तेव्हा नवा उपचार चालू होता. डोळ्यांवर जाड चष्मा आणि हातात तारांचा मोजा चढवला की समोर संगणकानं उभं केलेलं स्वयंपाकघर दिसायचं. त्यातले काचेचे ग्लास उचलून फळीवर ठेवायचे. पाच महिन्यांत हमीदाबी वीसपैकी अठरा ग्लास ठेवू लागल्या. त्याच भरवशावर त्यांनी गिरजाबाईच्या लेकीचा, पुनमचा, लग्नाचा हिरवा चुडा भरायचं कबूल केलं.

"माह्या लग्नातबी तुमीच भरल्या होत्या, बाई," गिरजाबाई म्हणाली.

हमीदाबींनी पुनमचा पंजा दाबून धरला. त्यांचा उजवा हात सांगितलं तसा हलला, पण बोटांखालचं हाड किती दबतंय ते कळेना. चष्म्यातल्या ग्लासांना ना वजन होतं, ना ते कधी फुटले.

"दुखून राह्यलं, बाई," पुनम म्हणाली.

"मोठी नाजूक! सासरी भाकरी थापशील का नाई?" नेहमीसारखी चेष्टा करत त्यांनी जोर दिला. तिसरी बांगडी कडकन तुटली आणि पुनमच्या मनगटावर रक्त आलं.

लग्नघरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. "वाढली. होते असं," गिरजाबाई म्हणाली, पण लेकीचा हात हळूच सोडवून तिनं तो शेजारी बसलेल्या हमीदाबींच्या सुनेपुढे, रुखसारपुढे धरला.

रुखसारनं सासूकडे पाहिलं.

"भर," हमीदाबी म्हणाल्या. "आधी अंगठ्याखालचं हाड चाचपून पाह्य."