एअर गन आणि फ्रिजचं दार

मैत्रिणींनो, कंपनीच्या बसमध्ये बसून लिहितेय. अजून डोकं शांत झालेलं नाही.

मी चाकणला असेंब्ली लाइनवर आहे. वय एकोणपन्नास. आज सकाळी काम चालू असताना पुन्हा तेच झालं. छातीतून एकदम वाफ उठली, कान तापले, मान घामाने चिंब. शेजारच्या पोरी स्वेटर घालून बसल्यात आणि मी भाजतेय!

समोर पार्ट साफ करायची एअर गन होती. उचलली आणि एप्रनच्या गळ्यात हवा मारली. एवढ्या दाबाची हवा अंगावर घेणं धोक्याचं, कंपनीत सक्त मनाई आहे. मला माहीत नव्हतं का? होतं. पण अंगाची आग होताना नियम कुठे आठवतात!

नेमका सुपरवायझर आला. माझ्या मुलाच्या वयाचा. सगळ्यांसमोर ओरडला, "काकू, हे काय चाललंय?"

इतके दिवस 'बीपी आहे' म्हणून वेळ मारून नेत होते. आज तोंडातून निघूनच गेलं, "पाळी जायची वेळ आलीये माझी. आग आग होते अंगाची. काय करू?"

तो हळूच म्हणाला, "माझी आई फ्रिज उघडून उभी राहते. आम्ही तिला लाइट बिलावरून बोलतो."

त्याने पंखा माझ्याकडे वळवला. उद्या मी डॉक्टरांकडे जाणार. यावर उपचार असतात म्हणे, आणि मी नुसती सोसत बसले.

तुमच्या घरी फ्रिज उघडून कोण उभी असते? 'दार लाव' म्हणण्याआधी तिला कधी काही विचारलंय?