रिपोर्टमधला 'मेल'

ट्यूबवर नाव मुलीचं होतं आणि स्क्रीनवर एक्स-वाय. मी थेट आमच्या टेक्निशियन रुबीवर घसरले, "ट्यूब बदल दी न तुमने?"

"नहीं मैडम, कसम से."

इथे उत्तरेत, गोमती नगरमधल्या आमच्या लॅबमध्ये आम्ही रक्तातल्या पेशी वाढवतो, रंगवतो आणि त्यांतली गुणसूत्रं मोजतो. शेहेचाळीस जांभळे, पट्टेदार तुकडे, धुतलेले मोजे लावावेत तसे जोडीजोडीने लावायचे. प्रत्येक जोडीतला एक आईचा, एक बापाचा. शेवटची जोडी एक्स-एक्स असली की बहुधा मुलगी, एक्स-वाय असली की मुलगा. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावले की बाहेरचे हॉर्न विरत जातात. समोर सगळं जांभळं, संथ. इतक्या वर्षांनंतरही माझी तंद्री लागते.

रक्त पुन्हा मागवलं. पुन्हा एक्स-वाय. इवलासा वाय मी कितीतरी वेळ बघत बसले. मग रुबीची माफी मागितली.

मुलगी सतरा वर्षांची. राहायला मानक नगरला, वडील रेल्वेत इंजिनिअर, मूळचे अकोल्याचे. पाळी आली नाही म्हणून तपासणी. पुढे तिची आणि आईची आणखी एक टेस्ट केली, तेव्हा उलगडा झाला. वायमुळे पुरुषी हार्मोन तयार होत होतं, पण ते ओळखणारा जीन एक्सवर असतो आणि तोच बिघडलेला. शरीराला निरोप पोचलाच नाही. ते मुलीचंच घडलं.

आमचं सॉफ्टवेअर मात्र वाय दिसला की 'लिंग' या कॉलममध्ये आपोआप 'मेल' छापतं. मी बॉसकडे गेले.

"फॉरमॅट है, जाने दीजिए."

"सर, काग़ज़ उस लड़की के हाथ में जाएगा. इस पर मैं साइन नहीं करूँगी."

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे परत सरकवला. "ठीक है, हटा दीजिए."

डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर मायलेकी रिपोर्ट घ्यायला माझ्याकडे आल्या. आईचे डोळे सुजलेले. "मॅडम, हे माझ्याकडून गेलं?"

"एक्स तुमचाच, ताई. तुमचा दुसरा एक्स चांगला आहे, म्हणून तुम्हाला कधी कळलं नाही. यात चूक कुणाचीच नाही."

मुलगी रिपोर्टवरच्या गुणसूत्रांच्या फोटोतल्या शेवटच्या जोडीवर बोट ठेवून बसली होती. "ये बड़ा वाला मम्मी का?"

"हो."

"और छोटा पापा का?"

"हो."

"मतलब, हूँ तो इन्हीं की बेटी."

मी रिपोर्ट पाकिटात घालून तिच्या हातात दिला.

तो कॉलम आता आम्ही सगळ्याच रिपोर्टमधून काढलाय. मला पगार गुणसूत्रं मोजायचा मिळतो; कोण मुलगी आणि कोण मुलगा, हे ठरवायचा नाही.