आक्कांसोबत नागपूरला, मौत का कुआँची गाडी पाहायला

माझी नणंद शांताआक्का आमच्याच घरी राहायच्या, पण कधी काही मागायच्या नाहीत. त्यामुळे त्या दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मंदा, मले नागपूरले नेशीन का वं?" तेव्हा माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

कारण मला ठाऊक होतं. सकाळी चहाच्या वेळी आमचे हे पेपर मोठ्यानं वाचत होते. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात कुणा हौशी गृहस्थांनी जुन्या सायकली आणि मोटारसायकलींचं संग्रहालय उघडलंय, शंभर वर्षांची सायकल आहे, विलायती गाड्या आहेत, आणि विदर्भातल्या जत्रांमधून फिरलेली 'मौत का कुआँ'ची मोटारसायकलही आहे. एवढं वाचलं आणि ह्यांचा आवाज एकदम बसला. पेपर घडी करून ते उठून गेले. आक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

मूळ गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची, या दुपारच्या सोळा वर्षं आधीची. तरुण वाचकांसाठी सांगते. जत्रेत फळ्यांची उंच, गोल विहीर उभी करत. आत मोटारसायकलवाला तळाशी गाडी सुरू करी आणि गरगर फिरत उभ्या भिंतीवर चढे. लोक वर कठड्याला टेकून खाली पाहत. आक्कांचे यजमान, नामदेवभाऊजी, हे काम करत. मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. हातमागावर पोट भरेना तेव्हा खेळवाल्यांबरोबर निघून गेले. एका जत्रेत गाडीसकट खाली कोसळले आणि तिथंच गेले. त्यांचा मुलगा दिलीप तेव्हा सहा वर्षांचा होता.

खेळाच्या मालकानं पोलिसांना सांगितलं, पिऊन बसला होता. तेवढं एक वाक्य. पण ते उमरेडला पोचलं, सासरच्यांनी तेच धरलं, आणि आक्का मुलाला घेऊन अमरावतीला भावाकडे आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा या घरात भाऊजींचं नाव कुणी घेत नसे. शाळेत दिलीपला पोरं 'दारूड्याचा' म्हणायची. आक्का एकदाच मला म्हणाल्या होत्या, "ते पेतच नव्हते वं." मी फक्त मान हलवली.

"काहून जुनं उकरतं?" ह्यांनी रात्रीच्या जेवणावर विचारलं.

"उकरत नाई गा," आक्का म्हणाल्या. "मले फक्त पाहाची हाय."

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही निघालो. अमरावतीहून नागपूरची एस.टी. तेव्हा चार तासांच्या वर घेई. आजच्या चौपदरी रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्यांना कल्पना येणार नाही. समोरून ट्रक आला की आमची गाडी अर्धी मुरमात उतरायची. तळेगावला चहा, कारंज्याला पुन्हा थांबा. कोंढाळीच्या आसपास रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागलेले होते. मी डझनभर घेतली. आक्कांनी एक सोललं, माझ्या हातात दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत बसल्या. बाजारगाव ओलांडलं तेव्हा म्हणाल्या, "दिलीपले सांगू नोको, काहून आलो ते."

दिलीप हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागला होता. त्याच्या खोलीवरच आमचा मुक्काम होता. एक खाट, एक स्टोव्ह, खिळ्याला अडकवलेले खाकी कपडे. त्याच्या बरोबरीची पोरं हप्ते बांधून मोटारसायकली घेत होती. दिलीप कंपनीच्या बसनं जाई, नाहीतर पायी. मोटारसायकलवर तो कधी मागेसुद्धा बसला नव्हता. आईला पाहून खूश झाला, धावत जाऊन सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची तळलेली वडी, घेऊन आला. मग सहज विचारलं, "काम काय काढलं?"

आक्कांना खोटं बोलता येत नाही. त्यांनी सांगून टाकलं.

दिलीपनं खाणं थांबवलं नाही. चावता चावता म्हणाला, "जा तुम्ही. माही पहिली पाळी हाय." जरा वेळानं म्हणाला, "त्या गाडीले लोकं टिकट काढून पायतात म्हणते. तेव्हाही काढत होते, आताही काढतात."



सकाळी आम्ही बसनं सीताबर्डीला उतरलो. पोहे खायचे तर नागपुरात, वरून चण्याची झणझणीत तर्री ओतून. ती तेव्हाही तितकीच जाळायची. आक्कांनी दोन घास खाऊन बशी बाजूला सारली. तिथून सायकलरिक्षा केली. सिव्हिल लाइन्समधला रस्ता म्हणजे दुतर्फा मोठाली झाडं आणि झाडांमागे कौलारू बंगले. इतकं शांत की रिक्षाच्या साखळीचा आवाज ऐकू येत होता.

आता कुणी पत्ता विचाराल म्हणून सांगते, तो बंगला आज नाही. तिथं फ्लॅटस्कीम झाली. गाड्या कुठं गेल्या ते मला माहीत नाही.

मालक देवधरसाहेब म्हणून निवृत्त इंजिनियर होते. साठीचे, उंच, हाताला ग्रीसचा वास. स्वतःच तिकीट फाडत आणि स्वतःच दाखवत फिरत. त्या दिवशी आम्ही दोघीच होतो, त्यामुळे ते उत्साहात होते. पहिल्या खोलीत सायकली होत्या. पुढचं चाक माणसाएवढं असलेली एक. लाकडी चाकांची एक. पोस्टमनची लाल रंगाची. डबे अडकवायला दोन्हीकडे आकडे लावलेली गवळ्याची. एकीला बसायच्या जागेऐवजी खुर्ची होती, पोलिओ झालेल्या मुलीसाठी बापानं बनवलेली. मला खरंच पाहत राहावंसं वाटत होतं. पण आक्का प्रत्येक खोलीच्या पुढच्या दाराकडेच बघत होत्या.

मोटारसायकली मागच्या पडवीत होत्या. फौजेतली शेवाळी रंगाची, साइडकारवाली, कुण्या मालगुजाराची शिकारीची. आणि शेवटी, वेगळ्या चौथऱ्यावर, काळीभोर, आरशासारखी चकचकीत ती गाडी. पाटीवर लिहिलं होतं: जत्रेतील मौत का कुआँमधील मोटारसायकल.

आक्का जवळ गेल्या आणि गाडीभोवती एक फेरी मारली. उजव्या मुठीपाशी थांबल्या. तिथं दांडीला पितळेची लहानशी कडी होती.

"हे त्याईनं बसवली," त्या मला हळूच म्हणाल्या. "रुमाल बांधाले. हात सोडून चालवे ना, मंग रुमाल काढून हालवे वरच्या लोकाईले."

तोवर मला वाटत होतं, गाडी दुसरीच निघेल, आणि आम्ही परत जाऊ.

देवधरसाहेब मागून आले. "ही माझी सगळ्यात अवघड गाडी बरं का," ते म्हणाले. "त्या खेळवाल्याच्या मुलांनी भंगारात काढली होती. वर्षानुवर्षं गोठ्यात पडून. इंजिन जाम. आणि पुढचा चिमटा तर दोन तुकडे."

"चिमटा म्हंजे यातला कोनता?" आक्कांनी विचारलं.

त्यांनी पुढचं चाक धरून ठेवणाऱ्या दोन जाड दांड्यांवर हात फिरवला. "हा. हा मी नवा करून घेतला. जुना मोडलेला होता. आधी कधीतरी तडा गेला असणार, तर कुण्या महाभागानं नवा न घालता त्यावर पट्टी ठेवून वेल्डिंग मारलं आणि वरून काळा रंग फासला. बरोब्बर तिथंच तुटला. मी तुकडा हातात घेतला तर अर्धी तूट जुनी, आतपर्यंत गंजलेली. बाकी अर्धीवर गंज फक्त वरवरचा, म्हणजे ती नंतर तुटलेली. म्हणजे वेल्डिंगनंतरही गाडी कितीतरी दिवस मोडतच होती, आणि त्यावर ते माणूस भिंतीवर चढवत होते! काय लोक असतात."

आक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं रुतली.

"साहेब, पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

ते गोंधळले. पण त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, या वेळी हसत नव्हते.

"मंग एखादा माणूस पिऊन बसला, आन् पडला, तर चिमटा असा तुटते का?"

देवधरसाहेबांनी आधी आक्कांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "ही गाडी चालवणारे यांचे मिस्टर होते."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बाई, मी तिथं नव्हतो. त्या दिवशी काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण त्या चिमट्यावर शुद्धीतला माणूस बसला काय आणि नशेतला बसला काय, तो पडणारच होता. आज नाही तर उद्या."

"तो तुकडा हाय का?"

"नाही हो. भंगारवाल्याला दिला. मला काय ठाऊक…"

आम्हाला त्यांनी खुर्च्या आणून दिल्या, आतून चहा मागवला. म्हणाले, गाडीला हात लावायचा असेल तर लावा. आक्का नाही म्हणाल्या. निघताना देवधरसाहेबांनी विचारलं, "पाटीवर त्यांचं नाव घालू का?"

आक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "नोका घालू. पोराले आवडणार नाई."

परतीच्या रिक्षात त्या रडल्या नाहीत. मला वाटलं होतं, मोकळ्या होतील. उलट त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. एकदाच बोलल्या: "सासू मेली माही. खेळाचा मालकही मेला. सांगू कोनाले?"

दिलीप पाळी संपवून साडेतीनच्या सुमारास आला. हातपाय धुऊन खाटेवर बसला. आक्कांनी त्याला सगळं सांगितलं, जसंच्या तसं, गंजाचं, पट्टीचं, रंगाचं. शेवटी म्हणाल्या, "ते पेले नव्हते रे दिलीप."

मी त्याच्याकडे पाहत होते. मला वाटलं, आता हा आईला मिठी मारेल. सोळा वर्षांचं ओझं उतरेल. सिनेमात असंच होतं.

दिलीपचा चेहरा लाल झाला. "त्यायले माहीत होतं का? वेल्डिंग केल्याचं?"

आक्कांनी त्याचा खाकी शर्ट उचलून खिळ्याला अडकवला.

"सांग ना. माहीत होतं का?"

"होतं," आक्का म्हणाल्या. "जत्रेच्या आधी सांगतलं होतं मले. वेल्डिंग मारलं तरी चिमटा वाजून राहिला म्हने. मी म्हटलं, नोका बसू. तर म्हने, मालक म्हनते जत्रा निघू दे, मंग नवा टाकू."

"म्हंजे माहीत असून बसला." दिलीप उठून उभा राहिला. "पिऊन मेला असता तं समजलो असतो मी, नशेत होता, समजलं नाई त्याले. पन शुद्धीत होता! घरी बायको हाय, सहा वर्साचा पोरगा हाय, हे सारं समजत असून त्या मोडक्या गाडीवर चढला. काहून? रुमाल हालवाले?"

"पोटासाठी गा, बाबू."

"आमी उपाशी राहिलो असतो!" तो ओरडला. शेजारच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बारीक केला.

दिलीप बाहेर निघून गेला. आक्का भिंतीला टेकून बसल्या. मी स्टोव्ह पेटवला, भात टाकला, दुसरं काय करणार होते? अंधार पडायच्या आत तो परत आला, मुकाट्यानं जेवला. सकाळी पाळीवर जायच्या आधी आम्हाला बसस्टॉपवर सोडायला आला, पिशवी उचलून दिली. मायलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

अमरावतीच्या वाटेवर आक्का तळेगावपर्यंत झोपल्या. की डोळे मिटून बसल्या होत्या, देव जाणे. माझ्या मनात एकच विचार घोळत होता. मी यांना नेलं हे बरं केलं की वाईट? पूर्वी निदान एक खोटं होतं आणि त्याचा राग करता येत होता. आता खरं हाती आलं होतं, आणि त्यानं कुणाचं काही हलकं झालं नव्हतं.

घरी आल्यावर आक्का पुन्हा पहिल्यासारख्या कामाला लागल्या. एक मात्र झालं. पहिल्या आठवड्यात त्या एकट्याच उमरेडला जाऊन आल्या. धाकट्या दिराच्या दारात उभं राहून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "आता काय उपेग, वयनी?" आक्का पाणी पिऊन परत आल्या.

दिलीप उन्हाळ्यात आला नाही. पोळ्याला आला नाही. आम्ही वाट पाहणं सोडून दिलं होतं.

मग पितृपक्षात, भाऊजींच्या तिथीला, सकाळीच तो दारात उभा. या घरात भाऊजींचं पान कधी वाढलं जात नसे, कारण वाढायचं ते मुलानं, आणि मुलगा त्या दिवशी मुद्दाम बाहेर राही. त्यानं पायातल्या चपला काढल्या, सरळ स्वयंपाकघरात आला, आणि आईसमोर उकिडवा बसला.

"बाबाले काय आवडे खाले?" त्यानं विचारलं. "ते करू."

आक्कांच्या हातात परात होती. त्या पटकन म्हणाल्या, "पुरनाची पोयी." मग थांबल्या. "नाई, नाई. ते तं माह्या बापाले आवडे." पुन्हा विचार केला. "वांग्याची भाजी… भरीत…" त्यांचे ओठ हलत राहिले. दिलीप वाट पाहत होता. मीही.

सोळा वर्षं त्या बाईनं एकच गोष्ट जपली होती, ते पीत नव्हते. बाकी सगळं त्या एका गोष्टीखाली चिरडून गेलं होतं.

"आठवत नाई रे मले," त्या म्हणाल्या, आणि नागपुरात न आलेलं रडू त्यांना तिथं, परातीवर वाकून आलं.

दिलीपनं परात त्यांच्या हातातून काढून घेतली, पीठ ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामी, घरात जे असन ते करू."

वांगी होती. तीच केली.