रुळायला वेळ लागतोच

माझ्या सासूचं नाव कोकिळा. तळ्याजवळच्या आमच्या गावात तिच्या तोंडी लागायची कुणाची टाप नाही. स्वतःचं दुखणं मात्र निमूट गिळणार. उजव्या गुडघ्याची वाटी बदलली ती एकाच हट्टापायी. गौर पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, घरी आणायचा मान थोरल्या बाईचा, आणि आदल्या वर्षी पाय उचलेना म्हणून तो चुकला होता. तेव्हा ढसाढसा रडली होती.

ऑपरेशन झालं, पण पाय टेकला की कळ थेट डोक्यात. मी म्हटलं, "आई, चला, दाखवून येऊ." तर म्हणे, "नवा गुडघा म्हंजे नवी सून हाय गं. रुळायला येळ लागतोच." गावातल्या बायकांनीही माना डोलावल्या. मला अस्सा राग यायचा! मी या घरात आले तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं.

शेवटी पायरीवरून पडता पडता वाचली, तेव्हा मी ओढतच तिला पनवेलला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने एक्स-रे काढून दोनदा बघितला. मग म्हणाला, "आजी, उजव्या गुडघ्यात डाव्या पायाचा भाग बसवलाय."

मी पेटलेच. पहिल्या डॉक्टरच्या खोलीत शिरून तोंड उघडणार, तोच सासूने माझा हात दाबला. "डाक्टर, चूक झाली, ह्ये तोंडानं बोला."

त्याने आम्ही आणलेला एक्स-रे उजेडाला धरून पाहिला. मग हळूच म्हणाला, "झाली, आजी. माझीच."

"आता दुसऱ्या बाईच्या येळेला नव्या गुडघ्याचा डबा फोडायच्या आधी सगळ्यांनी मोठ्यानं इचारा, डावा का उजवा." एवढं बोलून उठली. ही बाई माझी सासू आहे याचा मला तिथे काय अभिमान वाटला!

पनवेलला पुन्हा चिरफाड झाली. घरी आल्यावर रोज रडत, शिव्या देत व्यायाम केला, पण एक दिवस चुकवला नाही.

यंदा सुपात तेरड्याची गौर घेऊन पऱ्यावरून सगळ्यांच्या पुढे तीच निघाली. चढावर मात्र थांबली. "थांबा गं, दुखतंय."

शेजारची ठमाबाई म्हणाली, "नवी सून हाय, रुळंल."

"न्हाय!" सासू कडाडली. "दुखलं की बोलायचं. गुडघ्यानं बी आन् सुनंनं बी."

माझे डोळे भरून आले. मी सूप घ्यायला हात पुढे केला, तर म्हणते, "हात मागं घे. दम खाते अन् मीच नेते."

आणि तिनेच नेली.