खरं वाटलं पाहिजे

कॅज्युअल्टीत तिला सगळे ड्रिलबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की ड्रिलबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

ॲम्ब्युलन्स येऊन थांबते त्या दारातून आत गेलं की कॅज्युअल्टी, आणि जिना चढून वर उजव्या हाताला तिची खोली. खोलीत एक पलंग आणि पलंगावर एक रबरी पुतळा. त्याची छाती वरखाली होई, मनगटाला नाडी लागे, आणि भिंतीवरच्या पडद्याशेजारचं एक बटण दाबलं की त्याचं हृदय बंद पाडता येई. नव्या डॉक्टरांनी त्याचं नाव 'पाहुणे' ठेवलं होतं.

"मॅडम, आज पाहुण्यांना काय झालंय?"

"ते तुम्ही मला सांगायचं. मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

कित्येक वर्षं खाली नर्स म्हणून उभी राहिल्यावर ती या कामावर आली होती. अत्यवस्थ माणूस दारात आला की कुणी काय करायचं याचा सराव नव्या डॉक्टरांकडून आणि नर्सकडून करून घ्यायचा, हे तिचं काम. नवरा छापखान्यात होता. चारचौघांत तो सांगे, "आमची ही रोज एक माणूस मारते, आणि चहाच्या आत उठवून बसवते." त्यावर सगळे हसत. नणंद मात्र एकदा हसता हसता म्हणाली होती, "वहिनी, सवयीने एखादा खरोखरच मेला तर कळेल का गं तुला?" तेव्हा तिने नणंदेच्या पाठीत धपाटा घातला होता.

तिचा एक हट्ट होता. सराव खरा वाटला पाहिजे. कारण तिने पाहिलं होतं, परीक्षेत पहिला आलेला डॉक्टरसुद्धा तडफडणाऱ्या माणसासमोर औषधाच्या बाटलीचं टोपण उडवताना लटपटतो. औषध तोंडपाठ असतं, पण बोटांना बाटलीची ओळख नसते. म्हणून ती खाली वापरून झालेल्या इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या गोळा करी, रबरी बुचातून सुईने पाणी भरी, आणि प्लॅस्टिकचं टोपण गोंदाचा ठिपका लावून पुन्हा बसवी. बाटली नवीकोरी दिसे. पाणी नळाचंच. पुतळ्याला काय, नळाचं आणि गाळलेलं सारखंच.

नियम असा होता की अशा प्रत्येक बाटलीवर लाल चिकटपट्टी लावायची, 'फक्त सरावासाठी'. सुरुवातीला ती लावत असे. पण लाल पट्टी दिसली की पोरांचे खांदे सैल पडत, एखादा जांभई देई. मग तिने पट्ट्या लावणं हळूहळू सोडून दिलं. बाटल्या तिच्याच निळ्या पेटीतून निघत आणि निळ्या पेटीतच परत जात. बिघडणार काय होतं?

दुसरा धडाही तिचाच. सराव ऐन रंगात आला की ती मध्येच घुसून गोंधळ घाले. कधी नातेवाईक होऊन रडे, कधी "चुकीचं औषध देताय, थांबा!" म्हणून ओरडे. जो थांबला त्याची ती सगळ्यांसमोर खरडपट्टी काढी. "उद्या दारातून शंभर माणसं ओरडत येतील. हात थांबता कामा नये. ऐकायचं फक्त पलंगाच्या डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाचं." पोरं हे शिकली होती.

त्या दिवशी सकाळी तिने सराव खालीच, कॅज्युअल्टीतल्या मोठ्या खोलीत घेतला. मोठ्या डॉक्टरांचीच तशी इच्छा होती. वरच्या खोलीत शिकलेलं खाली आठवत नाही, आपण जिथे काम करतो तिथेच शिकावं, असं त्यांचं म्हणणं. विभागाचे ते प्रमुख, त्यामुळे मोडता कोण घालणार? पाहुण्यांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. आजार दिला झटक्यांचा. सराव इतका छान रंगला की एका नर्सने भान हरपून निळ्या पेटीऐवजी थेट भिंतीजवळच्या ट्रॉलीचा कप्पा उघडला आणि झटके थांबवायच्या औषधाची खरी बाटली काढून टेबलावर ठेवली. ड्रिलबाईने ते पाहिलं आणि तिला बरंच वाटलं. एवढं खरं वाटलं होतं!

तेवढ्यात बाहेर खरी ॲम्ब्युलन्स आली. "आवरा, आवरा!" सगळ्यांनी भराभर टेबल मोकळं केलं. पाहुणे वर गेले.

दुपारी ती आपल्या खोलीत पेटीतल्या उरलेल्या बाटल्यांतलं पाणी बदलायला बसली. गोंदाने चिकटवलेलं टोपण अंगठ्याने ढकललं की गुपचूप निघतं. एक निघालं, दुसरं निघालं. तिसरं मात्र कट्‌ असा आवाज करून उडालं.

हा आवाज गोंदाचा नव्हता. कारखान्यातून आलेलं टोपण पहिल्यांदा उघडतं तेव्हाच असा आवाज येतो. म्हणजे खरी बाटली तिच्या पेटीत आली होती. पेटीतल्या बाटल्या मोजून तेवढ्याच होत्या; म्हणजे सकाळी टेबल आवरताना अदलाबदल होऊन तिची पाण्याची बाटली गेली होती खाली, ट्रॉलीच्या कप्प्यात.

तिने खाली फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलेना. दुपारी तिथे फोन उचलायला हात रिकामे नसतातच. ती खरी बाटली मुठीत धरून जिन्याकडे निघाली.

जिन्याच्या तोंडाशी मोठे डॉक्टर उभे. सोबत दुसऱ्या रुग्णालयातून सराव पाहायला आलेली तीन-चार माणसं.

"या, या! ह्या आमच्या मॅडम. यांचा सराव बघाल तर घाम फुटेल तुम्हाला."

"ऐकून आहोत," त्यांतल्या चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. "आमच्याकडे एकच धास्ती असते हो. सरावाची औषधं खऱ्यांत मिसळली तर? तुम्ही खूण करता ना?"

मोठे डॉक्टर तिच्याकडे कौतुकाने पाहत होते. तेवढं एक वाक्य बोलायचं होतं, आत्ता, इथे. तिने ते जुळवलंही होतं.

"हो," ती म्हणाली. "करतो ना."

मग त्यांनी पुतळ्याची किंमत विचारली, पडद्याचं विचारलं, आणि ती उत्तरं देत गेली. मूठ पाठीमागे होती. आपण खाली जाऊन मुकाट्याने बाटली बदलून येऊ, कुणाला कळणारही नाही, असं ती स्वतःला समजावत होती. खालून स्ट्रेचरच्या चाकांचा खडखडाट आला आणि पाठोपाठ एका बाईचा आवाज, "अहो, बघा ना कुणीतरी!"

"आलेच," म्हणून ती निघाली. दोन-दोन पायऱ्या गाळत.

मोठ्या खोलीत पलंगावर विशीतल्या एका मुलाला झटके येत होते. दात घट्ट मिटलेले, ओठ निळसर. पायाशी त्याची आई, हातात त्याची एक चप्पल. डोक्याशी धाकटा डॉक्टर, ड्रिलबाईच्या हाताखाली तयार झालेला, तिचा सगळ्यांत लाडका. ट्रॉलीचा कप्पा उघडा होता. थोरल्या सिस्टरने औषध सिरिंजमध्ये ओढून त्याच्या हातात दिलं होतं आणि सुई सलाईनच्या नळीला लागली होती.

"थांबा!" ती दारातूनच ओरडली. "ते देऊ नका! चुकीचं आहे ते!"

त्याने मान वर केली नाही. "मॅडम, बाजूला."

"अरे, खरंच सांगतेय! थांब!"

"हात थांबणार नाही, मॅडम," तो म्हणाला. आवाज शांत, स्थिर, तिने शिकवला होता तसा. आणि त्याचा अंगठा दट्ट्या पुढे सरकवत राहिला.

तिने धावत जाऊन त्याचं मनगट धरलं. थोरली सिस्टर तिला मागे खेचू लागली, "अहो, वेड लागलं का? हा पेशंट आहे!"

"नळाचं पाणी आहे त्यात!" ती म्हणाली. "मी भरलंय. माझ्या हाताने."

मुलाच्या टाचा पलंगावर आपटत होत्या, बाकी सगळं थांबलं होतं. सिरिंज अर्धी रिकामी झाली होती. धाकट्या डॉक्टरने ती नळीपासून सोडवली, नळी चिमटीत धरली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिने मूठ उघडून पुढे केली. "ही खरी. ही घे, ही दे लवकर."

त्याने बाटलीकडे पाहिलं. टोपण उडालेलं होतं.

"नको," तो म्हणाला. "सिस्टर, शेजारच्या वॉर्डातून आणा. आणि या कप्प्यातलं काहीच वापरू नका, सगळं काढून टाका. पळा!"

सिस्टर पळाली. ड्रिलबाईच्या हातातली बाटली खरी होती. रबरी बूच शाबूत होतं, औषध अस्सल होतं, दोन पावलांवर होतं, आणि ते कुणी घेत नव्हतं. सिस्टर परत येईपर्यंत त्या मुलाला झटके येत राहिले. डॉक्टरने त्याला प्राणवायू लावला, कुशीवर वळवलं, दुसऱ्या हाताला नवी नळी घातली. ड्रिलबाई भिंतीला टेकून पाहत होती. आई पाहत होती ती मात्र ड्रिलबाईकडे.

औषध आलं. दिलं. झटके आधी विरळ झाले, मग थांबले. मुलगा घोरू लागला.

"सुटलो एकदाचे," थोरली सिस्टर म्हणाली. धाकटा डॉक्टर मात्र रक्ताच्या तपासणीच्या बाटल्या मागवत होता, आणि कुठलं प्रतिजैविक द्यायचं ते ठरवत होता. मोठे डॉक्टर खाली आले, सराव पाहायला आलेल्या मंडळींना बाहेरच ठेवून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. "आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाले. "जिन्यात. मी समोरच होतो."

तिने हातातली बाटली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

ती घरी गेली नाही. पलंगाशेजारी स्टुलावर बसली. कुणी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. अखेर आईच बोलली.

"बाई, ते पाणी किती गेलं आत?"

"थोडं. अर्ध्या चमच्याहूनही कमी."

"पाण्याने काय होतं? आपण पितोच की."

ड्रिलबाईला खोटं बोलता आलं असतं. दुपारी आलंच होतं.

"पोटात गेलं तर काही नाही," ती म्हणाली. "रक्तात गेलं की त्यातले जंतू रक्तात जातात. म्हणून ताप येतो का ते बघायचंय. आलाच तर लगेच कळायला हवं. औषध सुरू केलंय, पण बघावं लागेल."

आईने मुलाचं पांघरूण सारखं केलं आणि विचारलं, "ताप येणार असला तर आधी काय होतं?"

"आधी थंडी वाजते."

"मग तुम्ही त्या बाजूचा हात धरा," आई म्हणाली. "मी हा धरते."

दोघी तशा बसून राहिल्या. संध्याकाळची पाळी आली, दिवे लागले, ट्रॉलीत नवी औषधं भरली गेली. मुलाने डोळे किलकिले केले, आईला पाहिलं, काहीतरी पुटपुटला. आई वाकून हसली. त्या वेळी ड्रिलबाईच्या तळव्यातली त्याची बोटं हलली. आधी तिला वाटलं, तो हात सोडवून घेतोय. मग कळलं, बोटं थरथरताहेत.

"आई," तो म्हणाला, "पंखा बंद कर ना."

पंखा बंदच होता. आईने तिच्याकडे पाहिलं, आणि ड्रिलबाई हात न सोडता डॉक्टरला हाक मारू लागली.